बांधावरचे सतरा दगड

लातूर,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, रविवार

ती. दाजी,

तुमच्या पायांना नेहमीचा नमस्कार, आणि यंदा डोळ्यांना वेगळा. डावा बरा झाला आणि उजव्याचं ऑपरेशनही नीट पार पडलं, हे पुनमकडून कळलं. थेंब वेळेवर घालून घेत असालच. नांदेडचं पाणी आणि लेकीच्या हातचं आयतं जेवण मानवतंय ना? पुनमने तुमचा मोबाइल कपाटात ठेवून किल्ली स्वतःकडे ठेवली, आणि त्यावर तुम्ही दोन दिवस चहा सोडला होता, हेही कळलं. इकडे आम्ही खुशाल आहोत. शिल्पाचं शाळेत शिकवणं सुरू आहे, आमचं ग्रंथालयही सुरू आहे, माझा रक्तदाब मध्यंतरी वर गेला होता तो शुक्रवारी दुपारपासून खाली आला आहे. शुक्रवारी दुपारीच का, ते पुढे येईल.

हे सगळं मी फोनवर सांगू शकलो असतो. पण अक्काचं म्हणणं असं की मी फोनवर आधी माफी मागतो, मग पुन्हा माफी मागतो, आणि कशाबद्दल ते राहूनच जातं. तेव्हा क्रमाने लिहून पाठव, मी त्यांना वाचून दाखवते, असा तिचा हुकूम झाला. डॉक्टरांनी तुम्हाला अजून वाचायला मनाई केली असल्यामुळे ही सोय बरी. (अक्का, कंसात जे आहे ते फक्त तुझ्यासाठी. कंस आला की थांबायचं, मनात वाचायचं आणि पुढे जायचं. दाजींनी विचारलं तर अक्षर लागत नाही म्हण. माझं अक्षर चांगलं आहे हे त्यांना माहीत आहे, म्हणून हे कारण फार वेळा वापरू नकोस. मधूनमधून खोक.)

सुरुवातीलाच सांगतो की सगळं ठीक झालं आहे. बैल ठीक, तूर ठीक, जोंधळा कमरेच्या वर, हरभरा घाट्यावर, आणि बांध जागेवर आहे. ‘बांध जागेवर आहे’ एवढं लिहून मी पेन खाली ठेवला आणि अंगणात एक चक्कर मारून आलो. वाक्य खोटं नाही. पण त्याला थोडं स्पष्टीकरण लागेल.

मागच्या वर्षी डॉक्टर मला म्हणाले की दिवसभर पुस्तकांत बसता, जरा मातीत हात घाला. आमच्या घरापुढे दहा बाय तीसची रिकामी पट्टी आहे, म्हणून मी रोपवाटिकेत गेलो. तिथे जी झाडं होती त्यांची नावं मला उच्चारता येईनात. मला हवी होती ती देवणीच्या शिवारातली, तुमच्या बांधावरची फुलं. कुरडू, गोकर्ण, विष्णुक्रांत, एकदांडी, तरवड, पिवळा धोतरा. रोपवाटिकेच्या मालकाने सगळी यादी शांतपणे ऐकली आणि म्हणाला, साहेब, हे उपटायला मी रोज चार बाया लावतो, सकाळी लवकर आलात तर ताजं मिळेल. त्याचा राग यायचं काही कारण नव्हतं, तरी मला आला. नंतर डायरीत मी लिहिलं की राग त्याचा नसावा, स्वतःचा असावा. आमच्या ग्रंथालयातल्या बावीस हजार पुस्तकांपैकी कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे मी डोळे मिटून सांगतो. आणि लहानपणापासून ज्या फुलांवर पाय देऊन चालत आलो त्यांतली किती ओळखू येतात, हे मोजलं तर सहा. यादी वर दिलीच आहे.

मग मी मागच्या मार्गशीर्षात तुमच्या बांधावरून ओंजळी भरभरून बी आणलं. साखरेच्या एकाच पिशवीत सगळं घातलं, नाव नाही, खूण नाही, आणि मृगात पेरलं. आठ दिवसांत असं दाट आणि हिरवंगार उगवलं की मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभा राहू लागलो. तीन आठवडे बादलीने पाणी घातलं. शिल्पाला तेवढे तीनही आठवडे शिंका येत होत्या आणि आम्ही दोघं त्याचा दोष नव्या उदबत्तीला देत होतो. शेवटी शेजारचे निवृत्त कृषी सहायक फाटकाशी आले आणि आजारी माणसाच्या घरच्यांशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, वैजनाथराव, हे गाजरगवत आहे. ते उपटल्यावर पट्टीत फार थोडं उरलं. पण जे उरलं ते, दाजी, काय सांगू. विष्णुक्रांतीचं निळं फूल करंगळीच्या नखाएवढं असतं आणि उन्हं वर आल्याशिवाय उघडत नाही, हे मला या वयात कळलं. ते उघडेपर्यंत थांबायचं म्हणून मी दोनदा ग्रंथालयात उशिरा गेलो आणि दोन्ही वेळा हजेरीपुस्तकात खरं कारण लिहिलं. प्राचार्यांनी फक्त डॉक्टर कोणते म्हणून विचारलं.

तेव्हा या वर्षी सगळं शिस्तीत करायचं ठरवलं. भाद्रपदात मी तुमची परवानगी मागितली होती आणि तुम्ही म्हणाला होता, ने की, तण कोण मागतंय. ते वाक्य माझ्या डायरीत तारखेसह आहे. पण परवानगी बियांची होती, दगडांची नव्हती. माझी चूक इथून सुरू होते.

झाड फुलावर असताना ओळखू येतं, पण बी तयार होईपर्यंत ते वाळून जातं आणि वाळल्यावर बांधावरचं सगळं एकाच रंगाचं दिसतं. गाजरगवतासकट. म्हणून तुम्ही नांदेडला गेलात त्याच्या पुढच्याच रविवारी मी एसटीने देवणीला आलो, बांधावर सतरा झाडं निवडली, प्रत्येकाच्या बुडाशी एक दगड ठेवला, दगडाला चुना फासला आणि वर निळ्या रंगाने आकडा घातला, एक ते सतरा. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण दगड हलला तर काय, असा विचार मनात आला (या विचाराचा मला आजही अभिमान वाटतो आणि लाजही), म्हणून मी फीत घेऊन धुऱ्यावरच्या लिंबापासून प्रत्येक झाडाचं अंतर मोजलं आणि वहीत मांडलं. डोक्यावर टोपी होती, हातात कॉलेजची फाइल होती. आता हे सगळं, दाजी, बांधापलीकडून कसं दिसलं असेल, याचा विचार मी केला नाही. पुस्तकांची कधी बांधावरून भांडणं होत नाहीत, त्यांच्या हद्दी कपाटांनी ठरवलेल्या असतात.

पलीकडे व्यंकटी होता. ज्याच्याशी तुम्ही अकरा वर्षं बोललेला नाहीत, कारण त्याने बांध कोरला, आणि जो तुमच्याशी अकरा वर्षं बोललेला नाही, कारण बांध तुम्हीच कोरला. त्याला दिसलं ते असं, की संगमेश्वरने स्वतः नांदेडला जाऊन बसायचं निमित्त केलं आणि मागे मेव्हण्याकडून गुपचूप मोजणी लावली. दगडांवर आकडेसुद्धा होते.

पुढच्या रविवारी मी आलो तर दगड होते, पण झाडं बदलली होती. सात नंबरचा दगड पलीकडच्या उतारावरच्या विष्णुक्रांतीचा. तो आता तुमच्या उतारावरच्या आघाड्यासमोर होता. मी वही पाहिली, दगड पाहिला, पुन्हा वही पाहिली आणि वहीत खाडाखोड करून बाजूला लिहिलं, ‘माझी नोंद चुकली. लक्ष कुठे होतं?’ त्या दिवशी ‘विष्णुक्रांत’ असं लिहिलेल्या पाकिटात मी आघाड्याचं बी भरून घरी नेलं. ते कपड्याला चिकटतं. शिल्पाच्या शालीतून ते अजून निघतंय. तिसऱ्या रविवारी सगळे दगड बांध ओलांडून व्यंकटीच्या जोंधळ्यात हातभर आत गेलेले. आता मला फितीचा संशय आला, ती लांबली असावी. नवी आणली. मग डोळ्यांचा संशय आला. लातूरला परतल्यावर नंबर तपासला, तो अर्ध्याने वाढलेला निघाला, तेव्हा एवढं बरं वाटलं की मी तिथल्या तिथे चष्म्याची ऑर्डर दिली. डायरीत नोंद आहे, ‘यंदा घरात डोळ्यांचे दोन रोगी.’ चौथ्या रविवारी नवा चष्मा लावून गेलो. सगळे दगड तुमच्या हरभऱ्यात होते, आणि अगदी स्पष्ट दिसत होते.

तिथेच सरजाबाई भेटल्या. व्यंकटीची बायको म्हणून तुम्हाला नाव काढलेलं आवडणार नाही, पण पुढचं त्यांच्याशिवाय सांगता येत नाही. त्या खुरपं हातात घेऊन बांधाच्या त्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि आधी तुमच्या डोळ्यांची विचारपूस केली. मग म्हणाल्या, “दादा, सरकारी मोजणीचा अर्ज टाकलाय आमच्या मालकानं. येत्या शुक्रवारी खुंट्या रोवणार आन् शनवारी जेसीबी लावून बांध सरळ करणार. तुमी ही दगडं कामून लावली? येळवसेची आमुशा पंधरा-सतरा रोजावर आली, आन् यंदा तर बांधच न्हाई राहत.” एवढं बोलून त्या खुरपायला बसल्या. मी दगडाइतकाच पांढरा झालो असेन.

(अक्का, त्यांनी आणखी एक सांगितलं ते इथे लिहितो. की दर येळवसेला पूजेसाठी शेतात घातलेल्या दोन्ही घरांच्या कडब्याच्या कोप्या एकमेकींकडे पाठ करून असतात, पुरुषमाणसं आपापल्या कोपीत पांडव पुजतात, आणि तू अकरा वर्षं न चुकता जोंधळ्याच्या आडून आंबिलीचा एक तांब्या बांधापलीकडे देतेस, आणि तिकडून पालेभाज्यांच्या भज्जीचा डबा येतो. त्या म्हणाल्या, बांधावर तरवडाचं झाड आहे तिथे ठेवायचं ठरलेलं आहे. जेसीबी आला तर ठेवायचं कुठे, हा त्यांचा खरा प्रश्न होता. अक्का, तू मला हे कधी सांगितलं नाहीस. अर्थात मी डायरीत लिहिलं असतं. आता खोक.)

दाजी, त्या रात्री मला झोप लागली नाही हे लिहिण्यात अर्थ नाही, कारण मला एरवीही कमीच लागते. पण मी असा हिशेब मांडला. मी दोन फुलं शोधायला आलो आणि अकरा वर्षं जे भांडण निदान गप्प होतं त्याला तोंड फोडलं. शनिवारी बांध खरवडला जाणार, म्हणजे ज्या सतरा झाडांसाठी हे केलं तीही जाणार. फवारणीमुळे आता शेतात कुणी रानफूल राहू देत नाही. ती उरली आहेत ती या दीड हाताच्या पट्टीवर, कारण बांध कुणा एकाचा नसतो. आणि चार-आठ दिवसांत तुम्ही नवे डोळे घेऊन येणार, आणि त्या डोळ्यांना पहिली वस्तू दिसणार ती सरकारी खुंटी. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तुम्हाला त्रास होईल असं काही कानावर घालू नका. म्हणून तुम्हाला न सांगता मी सोमवारी रजा टाकली आणि व्यंकटीच्या घरी गेलो. (तुला सांगितलं होतं, अक्का. तू ‘निस्तर’ एवढंच म्हणालीस आणि फोन ठेवलास.)

मी सगळं खरं सांगितलं. व्यंकटीने ऐकून घेतलं आणि वही मागितली. ‘क्र. ७, विष्णुक्रांत, लिंबापासून एकशे चौदा फूट, बी आठ दिवसांत तयार’ हे त्याने बोट ठेवून वाचलं, मग वही मिटून म्हणाला, “पावणं, मी येडा दिसतो का तुमाला? जे तण उपटता उपटता आमच्या बायांची कंबर मोडली, त्याचं बी न्यायला लातूरहून एसटीनं कोण येतंय?” मी म्हणालो, मी येतो. तो म्हणाला, एवढी नीटनेटकी वही खोट्या कामाचीच असते. खरं सांगायचं तर या बोलण्यात मला दम वाटला. मी त्याच्या जागी असतो तर मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता. शेवटी मी म्हणालो, तुम्ही लातूरला चला आणि डोळ्यांनी बघा. मंगळवारी तो सोयाबीन घेऊन आडतीवर येणारच होता. सरजाबाईंना घेऊन तो आमच्या दारात उतरला.

आता आमची पट्टी तुम्ही पाहिलेली नाही. या दिवसांत तिच्यात कुरडूचे वाळत आलेले तुरे आहेत, गोकर्ण गजावर चढवली आहे, पिवळा धोतरा नुकता फुललाय, आणि शेळ्या येतात म्हणून सगळ्याला जाळीचं कुंपण आहे. प्रत्येक झाडाजवळ पत्र्याची छोटी पाटी आहे. व्यंकटी हात पाठीमागे बांधून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला आणि एकेक पाटी वाचत परत आला. ‘पिवळा धोतरा. कृपया हात लावू नये’ ही त्याने दोनदा वाचली. मग शिल्पाला बाजूला घेऊन हळूच विचारलं की पावण्यांचं हे कधीपासून आहे. शिल्पा शिक्षिका असल्यामुळे खरं बोलली, म्हणाली, मागच्या जूनपासून. त्याने मान हलवली. त्या क्षणापासून त्याचं माझ्याशी वागणं एकदम मऊ झालं. चहाचा कप त्याने स्वतः उचलून माझ्या हातात दिला. तेवढ्यात सरजाबाई सवयीने उकिडव्या बसल्या होत्या आणि त्यांचा हात आपोआप दोन एकदांड्या उपटून मोकळा झाला होता. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी त्या परत मातीत खोचल्या आणि वरून थापटल्या. दोन्ही जगल्या आहेत. एकदांडी तशी मरतच नाही.

मला वेड लागलंय अशी खात्री पटल्यामुळे भांडण मिटलं, एवढंच असतं तरी मी समाधान मानलं असतं. पण व्यंकटी जाता जाता थांबला आणि म्हणाला, “सगळं लावलं, तरवड कामून न्हाई लावला?” मी म्हणालो, माझ्या मातीत तरवड लागत नाही, दोनदा मेला, पण बांधावर पाच आहेत, चार, आठ, अकरा, चौदा आणि सतरा नंबरचे. तो खाली बसला. त्याचे वडील सांगायचे म्हणे, की दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांनी बांध घातला तेव्हा त्याच्या बरोब्बर मधोमध तरवड लावला होता, कारण ढोरं तरवडाला तोंड लावत नाहीत आणि म्हणून तो हलत नाही. हे त्याने अकरा वर्षांपूर्वी भांडणात सांगितलं होतं, पण नेमका कुठला तरवड जुना आणि कुठला मागून उगवलेला, हे दाखवता आलं नव्हतं. माझ्या वहीत पाचही तरवड बुंध्याच्या घेरासकट होते. घेर कशासाठी मोजला, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, फीत हातात होतीच.

गुरुवारी सकाळी आम्ही बांधावर गेलो. तुमच्या वतीने कुणीतरी हवं म्हणून मी देवणीहून तुमच्या दोस्ताला, लालमहंमदभाईंना बोलावलं. ते तुम्ही गेल्यापासून रोज दुकान उघडायच्या आधी येऊन तुमच्या बैलांवर हात फिरवून जातात, नाल बघतात. पैसे विचारले तर माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही. सुतळी काढलेली बघून ते अवघडले आणि त्यांनी कबूल केलं की दगड एका बाजूला व्यंकटी सरकवत होता आणि दुसऱ्या बाजूला ते. ते म्हणाले, “दोस्त का खेत हय, बित्ताभर बी कैसा जाने देऊँ?” दाजी, महिनाभर दोन म्हातारी माणसं एकमेकांना न सांगता माझे सतरा दगड इकडून तिकडे वाहत होती आणि मी चष्मे बदलत होतो. पण ते कबूल झाल्यावर मला जे हलकं वाटलं ते सांगता येत नाही. माझी नोंद चुकलेली नव्हती.

मग आम्ही घेरावरून जुने ठरलेल्या तीन तरवडांना सुतळी बांधली. सुतळीने काय दाखवलं ते मी योग्य जागी लिहीन. (अक्का, ते खाली ता. क. मध्ये आहे. तिथे पोचण्याआधी त्यांना चहा दे.) आत्ता एवढंच सांगतो की व्यंकटीचं समाधान झालं, शुक्रवारी सकाळी त्याने मोजणीचा अर्ज मागे घेतला, जेसीबी दुसऱ्या कुणाच्या तरी विहिरीवर गेला, आणि दुपारी माझा रक्तदाब उतरला. दगड मी उचलले. त्यांतला सात नंबरचा सरजाबाईंनी लोणच्याच्या बरणीवर ठेवायला मागून घेतला.

तुमच्या मागे तुमच्या जमिनीबाबत मी जे जे केलं ते सगळं वर आलं आहे. ज्या ठिकाणी मी मूर्ख ठरलो तिथे मी ते स्वतःहून लिहिलं आहे, कुठे कमी पडलं असेल तर व्यंकटी सांगेल. तुम्ही रागावलात तर ते मला योग्यच वाटेल. फक्त डोळ्यांवर ताण न येता रागवा. पुनमला, जावईबापूंना आशीर्वाद.

तुमचा,
वैजनाथ

ता. क. – चहा झाला असेल असं धरून चालतो. तरवड बांधाच्या मधोमध असायला हवेत. ते आज तुमच्या बाजूच्या काठाला आलेत, चौदा नंबरचा तर जवळजवळ तुमच्या नांगराच्या तासात उभा आहे. म्हणजे बांध एक हात कोरला गेलाय, दाजी, आणि तो आपल्या बाजूने. मी जुन्या फितीने मोजलं, नव्या फितीने मोजलं. लालमहंमदभाईंनी तुमच्या प्रेमापोटी स्वतःच्या हाताने तीनदा मोजलं आणि दर वेळी हात जरा लांब केला, तरी एक हातच निघाला. तुम्ही जाणूनबुजून केलं असं कुणीही म्हणत नाही. तुमचा हौशा बांधाच्या बाजूला जुंपला की उजवीकडे कलतो हे लालमहंमदभाईंचं मत आहे. देवणी बैलाला दोष देण्याची माझी लायकी नाही. व्यंकटीने जमीन मागितली नाही. तो म्हणाला, “अकरा वर्सं लोकं मलाच बांध कोरणारा म्हणून राहिले. हे वहीत लिवा.” मी लिहिलं. त्याने मला ते मोठ्याने वाचायला लावलं, आणि मग पुन्हा एकदा. तेव्हा तो लिंबाकडे तोंड करून उभा होता. नंतर म्हणाला, त्या एका हातात आता कुणीच औत घालू नये, पावण्यांनी आपलं तण लावावं, पण पाट्या लावाव्यात, नाहीतर सरजा उपटेल. तुमच्या वतीने मी ‘हो’ म्हणून बसलो आहे. तो शब्द द्यायचा मला अधिकार नव्हता. पत्र लिहायचं खरं कारण हे आहे, बाकी सगळं तुमचं मन तयार व्हावं म्हणून लिहिलं. माझी विनंती एवढीच, की तो हात सोडा.

ता. क. २ – दुसरी विनंती पहिलीहून अवघड आहे. येळवस येत्या बुधवारी नाही, त्याच्या पुढच्या बुधवारी आहे. सरजाबाई विचारत होत्या की यंदा कोपी एकच घातली तर कडबा वाचेल का. मी म्हणालो, मला कडब्यातलं कळत नाही, दाजींना विचारतो. येत्या शुक्रवारपर्यंत कळवा.

ता. क. ३ – पाकीट चिकटवणार तेवढ्यात पुनमचा फोन आला. डॉक्टरांनी कालच काळा चष्मा काढायला सांगितला म्हणे, आणि तुम्ही संध्याकाळपासून पेपर स्वतः वाचताय, छोट्या जाहिरातींसकट, आणि येणारं प्रत्येक पत्र आधी तुमच्या हातात द्यायचं अशी ताकीद दिली आहे. हे ऐकून मी तासभर हे पत्र समोर ठेवून बसलो. कंस काढून नवं लिहावं, तर ती लबाडी होईल. ठेवावेत, तर अक्काचा अकरा वर्षांचा तांब्या उघडा पडतो. शेवटी मी पुनमलाच विचारलं की दाजींचा मूड कसा आहे. ती म्हणाली, चांगला आहे, आज सकाळी आईला येळवसेचं सामान सांगत होते, आणि म्हणाले, “यंदा आंबील दोन तांबे जास्ती कर. अकरा वर्सं तरवडापाशी एकच तांब्या ठेवून राहिलीस, त्यात त्या दोघांचं काय भागतंय?” तेव्हा कंस तसेच ठेवले आहेत.